निम्मी गाडी तिची

पोरानं सरळ सांगितलं, "आण्णा, चालू झाली तर ठेवा. न्हाई झाली तर संक्रांतीच्या आत तिथून हलवा. मला कडबाकुट्टी बसवायचीय."

बोलणं माझ्या जुन्या फटफटीबद्दल होतं. गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात ती खताच्या रिकाम्या गोण्या पांघरून बरीच वर्षं उभी होती. पोराचं काही चुकलं नव्हतं. म्हशी वाढल्या, कडबा कोयत्यानं तोडून तोडून सुनेच्या हाताला घट्टे पडले. लाईटीचा बोर्ड त्याच कोपऱ्यात आहे, म्हणजे मशीन तिथंच बसणार. हे सगळं मला कळत होतं. तरी मी त्याला म्हटलं, मग बापालाबी हलव. त्यानं चहा संपवला आणि वडवणीला कामावर निघून गेला. आमच्या घरात भांडण असंच होतं. एक जण बोलतो, दुसरा निघून जातो.

भांडायचं कसं हे फक्त माझ्या बायकोला येत होतं. ती माघात गेली. अंगणात तूर निवडत बसली होती, सूप हातातून सुटलं म्हणून मी बघितलं तर ती कलंडलेली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याच्यावर जास्त लिहिता येत नाही मला. तेव्हापासून घर आहे तसंच आहे, जेवण वेळेवर मिळतं, सून चांगली आहे. पण दिवसभर मला कुणी नावं ठेवत नाही, आणि नावं ठेवायला कुणी नसलं की माणूस नुसता बसून राहतो.

फटफटी मी एका मास्तरकडून घेतली होती. टू-स्ट्रोकची, पेट्रोलातच ऑइल टाकायची जात. सपाटीला घोड्यासारखी पळायची आणि चढाला मरायची. बायकोचं माहेर धारूरच्या वर, म्हणजे घाट चढावाच लागायचा. अर्ध्या घाटात इंजन तापायचं, गाडी गुरगुरून बंद पडायची. मग मी हँडल धरायचो आणि ती पदर खोचून मागून ढकलायची. एस.टी. जाताना आतले लोक खिडकीतून बघून हसायचे. वर पोचल्यावर तिचा भाऊ विचारायचा, दाजींनी गाडीवर आणलं व्हय? ती म्हणायची, "त्यांनी कशाचं आणलंय, मीच आणलंय दोघांना. निम्मा घाट मी ढकललाय, निम्मी गाडी माझी हाय."

हे तिनं इतक्या वेळा म्हटलं की पुढं पुढं मला ते खरंच वाटायला लागलं.

मी ऊसतोडीच्या टोळीवर ट्रॅक्टर चालवायचो. दसरा झाला की टोळी निघायची, परत यायचं ते शिमग्याच्या पुढं-मागं. पहिली काही वर्षं ती सोबत होती, पोरगं शाळेत गेल्यावर घरी राहिली. तेवढे महिने गाडी उभी. उभ्या इंजनात पिस्टन गंजून धरून बसतो, म्हणून मी तिला शिकवून ठेवलं होतं. पान्यानं प्लग काढायचा, भोकातून झाकणभर ऑइल सोडायचं, किक हातानं दोनदा दाबायची, प्लग परत बसवायचा. ती ते करायची. आल्यावर मी किक मारली की गाडी चालू व्हायची. मी कधी तिला चांगलं केलंस म्हटलं नाही, ती कधी विचारायला आली नाही.

मग माझे गुडघे गेले, टोळी सुटली. गाडीच्या रिंगा गेल्या, सामान मिळेना, पोरानं नवी गाडी घेतली. फटफटी गोठ्यात लागली ती लागलीच. दर दसऱ्याला बायको तिची पूजा करायची तेवढं मला माहीत होतं. संध्याकाळी आम्ही बाप्ये सोनं लुटायला शिवेकडं जायचो, परत येईपर्यंत टाकीवर हळदी-कुंकू आणि हँडलला झेंडूचा हार दिसायचा. मी म्हणायचो, मेलेल्या गाडीला कशाला हार घालतीस. ती म्हणायची, तुमच्या निम्म्यावर न्हाई घातला.

तर पोराचं ऐकून मी गोण्या काढल्या.

गाडी बाहेर ओढायला पोरगंच आलं. दोन्ही टायर बसलेले, ते ओढत ओढत कडुलिंबाखाली आणली. इंजन खाली उतरवलं आणि पोत्यावर ठेवलं. किक हलत नव्हती. पोरगं म्हणालं, "गंजून गेलं असंल आण्णा. एवढी वर्षं म्हशीच्या मुतावर उभीय." मी म्हटलं, बघू.

मी मिस्त्री नाही. पण ट्रॅक्टरवर आयुष्य गेलं, रस्त्यात बंद पडलं तर आपणच खोलायचं असतं. पाने माझ्याकडं होते. हेडचे नट निघता निघत नव्हते, त्यांना रात्रभर डिझेल पाजून ठेवलं आणि सकाळी पाइप लावून फिरवले. हेड, म्हणजे इंजनाचं वरचं झाकण, उचललं. मला वाटलं होतं आत लाल गंजाचा चिखल असेल. कारण तिथंच ठेवलेल्या विहिरीवरच्या जुन्या पंपाचं तसंच झालं होतं, हात लावला की पापुद्रे पडायचे.

इथं गंजाचा पत्ता नव्हता. पिस्टनच्या डोक्यावर आणि ब्लॉकच्या भिंतीला पिवळसर तपकिरी थर होता, डिंकासारखा. नख लावलं तर नख उमटेना. कडेला बोटभर जाड. पिस्टन त्यात मधोमध धरून बसला होता, मूर्ती शेंदरात बसावी तसा.

डिझेल ओतलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, काही नाही. रॉकेल मिळवलं, ते ओतलं, काही नाही. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकलं. सून म्हशीचं दूध काढता काढता म्हणाली, मामा, म्हैस बिचकायलीय. ठोकणं बंद केलं.

धारूरला माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे. त्याच्या हातचे कितीतरी ब्लॉक मी ट्रॅक्टरला बसवलेत, अरे-तुरेची दोस्ती आहे. त्या थराचा एक खपला छिन्नीनं काढला, कागदात बांधला, हेड पिशवीत घातलं आणि एस.टी.नं गेलो. त्यानं खपला हातात घेतला, वास घेतला, काडी पेटवून लावली. खपला तडतडला आणि जळाला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काय बे म्हाताऱ्या, इंजनात भजी तळली का?"

मी म्हटलं काय बकतोस.

"खायाचं तेल हाय बे हे. करडीचं. वास घे." आणि कागद माझ्या नाकापुढं धरला.

वास करडीचाच होता. ते ओळखायला मला लेथवाला नको होता. आमच्याकडं करडी पिकते, पूर्वी घाण्यावरून तेलाच्या किटल्या भरून यायच्या. करडीचं तेल पातळ थर देऊन उघडं ठेवलं की सुकून कातडी धरतं, किटलीच्या तोंडाला बघा. लेथवाला म्हणाला, एकदा घातल्यानं एवढं होत न्हाई, कुणीतरी वर्षानुवर्षं ओतलंय. तुझा कुणी दुश्मन हाय का बे? मग त्याचं त्यालाच हसू आलं. डिझेलनं हे सुटणार न्हाई म्हणाला, तेल वाळलं की ते तेल राहत न्हाई.

येताना एस.टी.त माझं डोकं भणभणत होतं. कुणी केलं असेल ते मी आठवत होतो. भावकीतल्या एकाशी बांधावरून वाद होता, त्याच्यावर संशय आला. पोराच्या लहानपणीचे खेळगडी आठवले. घरी आलो, पिशवी अंगणात आपटली आणि सुनेला विचारलं, गोठ्यात कोण कोण येत होतं. माझा आवाज चढला होता. ती भाकरी थापत होती.

"कावून मामा?"

"माझ्या गाडीच्या इंजनात कुणीतरी गोडं तेल ओतलंय. दरसाल ओतलंय. वाटुळं केलंय इंजनाचं."

तिचा हात थापता थापता थांबला. तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही, ती करपायला लागली.

"आत्याबाई घालायच्या," ती म्हणाली.

मी तिथंच खाली बसलो.

"दसऱ्याला. तुमी सोनं लुटाया गेलं की. पाना घ्यायच्या, ते वरचं काढायच्या आन् वाटीभर सोडायच्या. मी म्हनलं होतं त्यांला, आत्याबाई, ते काळं ऑइल घालतेत ना. तर म्हनल्या, ते गाडी चालू व्हती तवा. आता ती बसूनच हाय, अन् सणाच्या दिवशी जळकं काळं तेल कुणाला देतेत का? घरातलं चांगलं घालावं."

"अन् किक?"

"किक बसंना म्हनल्या. पण आत तेल असलं म्हंजी झालं, ह्यांनी सांगितलंय."

मग तिनं भाकरी उलटली. करपलेली बाजू तिनं स्वतःच्या ताटात ठेवली, मला दुसरी दिली. मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येत नाही.

नंतर काही दिवस मी इंजनाला हात लावला नाही. पोत्यावर तसंच पडून होतं, सुनेनं त्याच्यावर घमेलं पालथं घातलं. दिवाळी तशीच गेली. वर्षाच्या आतलं घर, आमच्याकडं वर्षश्राद्ध होईपर्यंत चुलीवर कढई चढत नाही, तळण होत नाही. भावकीतल्या घरांतून करंज्या-चकल्यांची ताटं आली, ती नातवंडांनी खाल्ली. शेजारची म्हातारी, बायकोची जोडीदारीण, तिनंही ताट आणलं आणि ओट्यावर बसून रडून गेली. जाता जाता लिंबाखालच्या इंजनाकडं बघून म्हणाली, हे काय भाऊजी, घरासमोर भंगार मांडलंय.

पोरगं एका रविवारी म्हणालं, मी भंगारवाल्याला सांगू का? चिडून नव्हे, हळू म्हणाला. मी म्हटलं, संक्रांत झाली का? तो म्हणाला न्हाई. मग गप बस, म्हटलं.

हे तेल मला खरवडायचं नव्हतं, हे खरं आहे. छिन्नी लावली की ते खपल्या खपल्यांनी निघालं असतं आणि केराबरोबर गेलं असतं. पण नाही खरवडलं तर पिस्टन हलणार नाही, पिस्टन हलला नाही तर गाडीच भंगारात जाणार, तेलासकट. दोन्हीकडून तेच. अशा वेळी बायको म्हणायची, बसून इचार केल्यानं काय दूध निघतंय का.

मी सुनेलाच विचारलं. तेलाच्या किटलीला असं वाळलेलं बसलं तर तुम्ही बायका काय करता.

"राख," ती म्हणाली. "पऱ्हाटीची राख कडक पाण्यात कालवायची, निवळी घ्यायची, गरम गरम ओतून ठेवायची. त्याचा साबण व्हतोय आपोआप. आत्याबाईंनीच शिकवलं."

अंघोळीचं पाणी आमच्याकडं अजून चुलीवरच तापतं, कापसाच्या पऱ्हाट्यांवर. राखेला तोटा नव्हता. तिनं निवळी करून दिली, मी ब्लॉकमध्ये ओतली. वर पांढरा फेस आला. संध्याकाळी उपसलं तर पाणी गढूळ, पिवळं, बोटाला बुळबुळीत. परत गरम ओतलं. असं रोज. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला राखेचं पाणी फार वेळ चांगलं नाही, म्हणून मी रात्री ते ठेवत नव्हतो, पुसून घ्यायचो. एका सकाळी लाकडी दांडा ठेवून हळूच ठोकलं आणि पिस्टन खाली सरकला. आवाज काही झाला नाही. नुसता सरकला.

ब्लॉक वर उचलला तेव्हा मी तो उन्हात धरून आत बघितलं. थर धुऊन निघाला होता त्याच्या खालची भिंत आरशासारखी होती. कुठं डाग नाही, खड्डा नाही. त्याच गोठ्यातला पंप सडून गेला होता, आणि इथं माझा डोळा मला दिसत होता. सुनेला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मंग वाटुळं कुणी केलं म्हनलात?" मी म्हटलं, जा, म्हैस हंबरायलीय.

पुढचं काम साधं होतं. राखेचं पाणी खाली उतरलं असणार म्हणून पूर्ण इंजन खोललं, डिझेलनं धुतलं, एक एक भाग चादरीवर वाळवला. लेथवाल्याला ब्लॉक दाखवला तर तो म्हणाला, हे तर आतून घासून बोर करायचंबी काम न्हाई. रिंगा त्यानं कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून मिळवल्या. पॅकिंग मी जाड कागदाची कापली. कार्बोरेटर उकळला, पॉईंट घासले. सायलेन्सर तेवढा जाळून साफ कर म्हणाला लेथवाला, वाटीभर ओतलेलं सगळं तेल काही ब्लॉकमध्ये थांबलं नसणार, निम्मं तिकडं उतरलं असणार. सायलेन्सर उचलला तर जडच लागत होता. मी तो जाळला नाही. कंटाळा केला असं पोराला सांगितलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, पोरगं घरी होतं. सकाळी सुनेनं भाजी-भाकरी केली, तिळाची भाकरी. जेवणं झाल्यावर आम्ही बाप-लेकांनी इंजन चौकटीत बसवलं. टायर त्यानं आधीच बदलून आणले होते, मला न विचारता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत टाकलं. मी किक मारली. काही नाही. परत मारली. गुडघ्यात कळ आली म्हणून बाजूला झालो. पोरगं चढलं. त्यानं मारली, मारली, मग प्लग काढून पुसला, मग मारली. मी मनात म्हटलं, गेली ही उद्या. कडबाकुट्टी दारात येऊन पडलीच होती, खोक्यातून काढलेलीही नव्हती.

आणि धरली तिनं. आधी फट, मग थोडं थांबून फट फट, मग सुरूच. पोरानं अॅक्सिलेटर धरून ठेवला. मागून पांढरा धूर निघाला तो कडुलिंबाच्या वर गेला. पाळलेलं कुत्रं पळालं. सून दारात येऊन उभी राहिली.

धुराला वास होता. पेट्रोलचा नव्हे. सायलेन्सर तापला तसा तो वाढला, अंगणात भरला, गल्लीत गेला. करडीचं तेल कढईत कडक तापावं, त्यात पहिला वडा सोडायच्या आधी जो येतो, तो वास.

पोरगं अॅक्सिलेटर सोडायला विसरलं.

शेजारची म्हातारी काठी टेकत आलीच. भिंतीच्या पलीकडूनच तिचा आवाज सुरू झाला होता. सुनेकडं बघून ती म्हणाली, "काय गं बाई, माघ लागला न्हाई अजून, वरीस भरलं न्हाई, अन् कढई चढवली? सासूचं एवढंबी धरलं न्हाईस?"

सून बिचारी हात हलवून नाही नाही म्हणत होती, पण इंजनाच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. मी पोराला आवाज कमी करायला सांगितलं.

म्हटलं, "वैनी, तिला बोलू नका. कढई न्हाई चढवली कुणी."

"मंग हे तळण कुणाचंय?"

"तिचंच हाय. तिनं दरसाल गाडीत तेल घातलं. ते जळायलंय आता."

म्हातारी सायलेन्सरकडं बघत राहिली. मग ओट्यावर बसली, काठी आडवी ठेवली, नाकानं लांब श्वास घेतला. "घाण्याचंच हाय," ती म्हणाली. "पाकिटातल्याला असा वास न्हाई येत." पेट्रोल थोडंच टाकलं होतं, ते संपेपर्यंत आम्ही चौघं तिथंच होतो. इंजन आपोआप बंद झालं.

पोरगं खोक्याजवळ गेलं, कडबाकुट्टी दोन्ही हातांनी हलवून बघितली आणि म्हणालं, "लिंबाखाली बसवू. वायर लांबवावी लागंल, वर पत्रा टाकावा लागंल."

मी म्हटलं, पत्रा मी टाकतो.

पत्रा टाकला. फटफटी तिच्या कोपऱ्यात परत गेली, गोण्या मी घातल्या नाहीत. दर शनिवारी मी तिला थोडा वेळ चालू करायचो. किक पोरगं मारायचं, कामावर जायच्या आधी. वास दर वेळी कमी होत गेला, आणि मागं मागं तर नुसता पेट्रोलचाच राहिला. लेथवाला म्हणाला, आता सायलेन्सर साफ झाला बे, तुझं काम वाचलं.

माघात वर्षश्राद्ध झालं. तिचा भाऊ धारूरहून आला, भावकी जेवली. सकाळी सुनेनं कढई घासून चुलीवर ठेवली, तेल ओतलं, ते तापलं. अंगणात तो वास आला तेव्हा पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, "आण्णा, पाव्हण्यांना गाडी चालू करून दावायची का?"

मी नको म्हटलं. तिला परत घाटात न्यायची असली की तेव्हा बघू. ढकलायला आता पोरगं आहे.